ध्रुवीय एक्स्पिडिशन क्रूझ: कायाक, कॅम्पिंग, पेंग्विन, अस्वलं... नेमकं काय निवडू?

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

आई आणि मी ध्रुवीय क्रूझला जायचं बरीच वर्षं नुसतं म्हणतोय. आता योग जुळून येतोय, पण माहितीपत्रकं वाचून डोकं भणभणलंय. कायाकिंग, बर्फावर उघड्यावर झोपणं, स्नोशू घालून चढाई, गोठणाऱ्या पाण्यात उडी, सगळं एकाच पानावर, आणि प्रत्येक कंपनीच्या पानावर तोच तो पेंग्विन.

आईचं वय ६६, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. तिला पक्ष्यांचं वेड, मला कॅमेऱ्याचं. अंटार्क्टिका की आर्क्टिक? महिना कोणता? वेगळे पैसे भरून घ्यायच्या गोष्टींपैकी काय खरंच घेण्यासारखं आहे? आणि त्या रबरी बोटीत आईला चढता-उतरता येईल का? जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

खारा_वारा

उपक्रमांची यादी बघून क्रूझ ठरवू नका. आधी जहाजाचा आकार, मग महिना, आणि यादी सगळ्यात शेवटी.

आकार का, तर अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून तर कुणालाच उतरता येत नाही, डेकवरून बघायचं आणि परत यायचं. आता हिशोब करा. जहाजावर १०० च्या आत माणसं असली की सगळे एकदम खाली. २०० असली की अर्धे किनाऱ्यावर, अर्धे झोडियाकमधून (त्याच रबरी बोटी) हिमनगांच्या अवतीभवती, मग अदलाबदल. हेही झकास चालतं. ४०० असली की तुमचा नंबर येईपर्यंत डेकवर ताटकळायचं आणि किनाऱ्यावर गेल्यावर घड्याळाकडे बघायचं. माहितीपत्रकात 'दिवसाला दोन लँडिंग' लिहिलेलं असतं, ती जहाजाची असतात. तुमच्या वाट्याला किती, ते विचारा.

आता महिना. नोव्हेंबरात बर्फ कोरा करकरीत, पेंग्विनांची घरटी मांडायची धांदल आणि शेजाऱ्याचे दगड पळवणं जोरात. जेंटू पेंग्विन सरळ चोरतो हो, मालक मान वळवायचा अवकाश. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीत पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ वितळून वसाहतींत चिखल आणि विष्ठेचा राडा झालेला असतो, वास तर विचारू नका. पण हंपबॅक व्हेल बघायच्या तर हेच दिवस. क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन खाऊन सुस्तावलेल्या असतात, बोटीजवळ लाकडाच्या ओंडक्यासारख्या पडून राहतात.

निळी_शाई

हे तर कुठल्याच पत्रकात नव्हतं! २०० च्या आतली जहाजं शोधते. गुडघ्यांबद्दल कुणी सांगेल का?

डेकवरची_खुर्ची

मी सांगते, माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते.

झोडियाकची भीती काकूंना वाटते तेवढी नाही. खलाशी मनगट धरतो, आपण त्याचं मनगट धरायचं, पंजा नाही. पंजा ओल्या हातमोज्यातून सुटतो, मनगटाला मनगट सुटत नाही. जहाजावरून उतरताना आधी बोटीच्या फुगीर कडेवर पाय, मग आतल्या पायरीवर, मग खाली, की लगेच कडेवर बसून सरकायचं. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवर. किनाऱ्यावर उतरताना पाय बाहेरच्या बाजूला फिरवून पाण्यात टाकायचे. पाणी नडगीपर्यंत येतं, पण उंच रबरी बूट बहुतेक जहाजं वापरायला देतात.

खरी कसोटी आहे ती जहाजाच्या अंगाला लावलेल्या जिन्याची. उतरताना नाही, परत चढताना. समुद्र हलत असला की बोट वर-खाली होते आणि पायरी पकडायची वेळ साधावी लागते. त्यामुळे काकूंनी आत्तापासून कठड्याला धरून जिने चढायचा सराव ठेवावा. जहाजावर पोचल्या पोचल्या एक्स्पिडिशन लीडरला गुडघ्यांचं सांगून टाका, ते घाईगर्दी संपल्यावर शेवटच्या बोटीत घेतात. किनारा अवघड असेल त्या दिवशी न उतरता नुसती झोडियाकची फेरी मागायची. सासूबाईंना कुव्हरव्हिल बेटावरच्या चढापेक्षा हिमनगांमधल्या फेऱ्याच आवडल्या. बर्फाच्या तुकड्यावर लेपर्ड सील झोपलेला होता, बोट बंद करून सगळे गप्प, आणि त्याने जांभई दिली तेव्हा दात मोजता आले असते.

अर्धाकप_चहा

वाचनखूण साठवली. माझे दोन शब्द कायाकबद्दल: घ्याच. इंजिनाचा आवाज नाही, पाण्यात वितळणाऱ्या बर्फाची तडतड ऐकू येते. त्यात अडकलेली जुनी हवा फुटत असते. झोडियाकमध्ये हे अनुभवायला इंजिन बंद होण्याची वाट बघावी लागते. जागा मोजक्या असतात, जहाजावर पोचेपर्यंत संपलेल्या, म्हणून बुकिंगबरोबरच घ्या.

खारा_वारा

इथे माझं मत वेगळं. कायाकवाले बाहेर असतात तेव्हा बाकीचे बऱ्याचदा किनाऱ्यावर असतात. म्हणजे कायाकसाठी पेंग्विनांपाशी घालवायचा वेळ द्यावा लागतो. शिवाय वारा सुटला की पहिलं रद्द होतं ते कायाक. पहिल्यांदा जाताय, कॅमेरा हातात आहे, मग एकदाच जायची सोय असेल तरच घ्या, सगळ्या फेऱ्यांचं पॅकेज नको. रद्द झालं तर पैशाचं काय, हे लेखी विचारा.

बर्फावरची रात्र हौशींसाठी. खड्डा खणायचा, स्लीपिंग बॅगेत शिरायचं. किनाऱ्यावर खाणं बंद, वापरलेलं सगळं जहाजावर परत. डिसेंबरात अंधार पडतच नाही, त्यामुळे 'ताऱ्यांखाली झोपा' अशी जाहिरात दिसली तर महिना तपासा. पाण्यातल्या उडीचे सहसा वेगळे पैसे नसतात. कमरेला पट्टा आणि दोर बांधतात, डॉक्टर शेजारी उभा असतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर नुसत्या टाळ्या वाजवा.

उत्तरायण

सगळे दक्षिणेलाच चाललेत, म्हणून आर्क्टिकची बाजू मांडतो. पेंग्विन आर्क्टिकमध्ये नाहीत आणि अस्वलं अंटार्क्टिकात नाहीत, हे पहिल्यांदा स्वीकारायचं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जून ते ऑगस्टमध्ये जा. विमान थेट तिथल्या लाँगयिअरब्येन गावाला उतरतं, तिथून जहाज. मोठा समुद्र ओलांडायची कटकट नाही. वॉलरस, रेनडिअर, कोल्हे, आणि काकूंना पक्षी आवडत असतील तर आल्केफ्येलेटचे कडे. उभ्या काळ्या खडकाच्या प्रत्येक खाचेत गिलेमॉट पक्षी, डोक्यावरून सतत ये-जा, टोपी घालून जा म्हणजे झालं.

मात्र अस्वलाबद्दल अपेक्षा आवरा. २०२५ पासून तिथल्या नियमाने अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून ५०० मीटर. पत्रकातला फोटो भल्यामोठ्या लेन्सचा असतो, डोळ्यांना दिसतो तो पिवळसर ठिपका. पांढरा नाही, पिवळसर, बर्फात ओळखायची तीच खूण. मला विचाराल तर नियम योग्यच आहे. किनाऱ्यावर उतरायच्या आधी बंदूकधारी गाईड टेकाडं तपासतात आणि अस्वल दिसलं की लँडिंग रद्द. तेव्हा कुरकुर करणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

आणि एक, ध्रुवीय प्रकाश बघायला म्हणून उन्हाळ्यात स्वालबार्डला जाऊ नका, रात्रच होत नाही. त्यासाठी सप्टेंबरात ग्रीनलंडची स्कोर्सबीसुंड खाडी.

पांढरा_डगला

पेशाने डॉक्टर, म्हणून ड्रेक पॅसेजवर, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्रावर लिहिते. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून अंटार्क्टिकापर्यंत साधारण दोन दिवस लागतात, येताना तेवढेच. कधी तळ्यासारखा शांत, कधी उभं राहू देत नाही. मळमळीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बंदर सोडण्याआधी घ्यायची. काकूंना काचबिंदू असेल तर कानामागे लावायची पट्टी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या, वरच्या बाल्कनीवाल्या महाग खोल्याच जास्त झुलतात. विम्यात तिथून वैद्यकीय कारणाने हलवण्याचा खर्च धरलाय का, ते नक्की बघा.

ड्रेकमधले दिवस झोपून काढू नका, असंही सांगते. वॉन्डरिंग अल्बट्रॉस इथेच दिसतो, पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत. पंख न हलवता जहाजामागे तासन् तास येतो. पक्षीप्रेमी माणसाला ड्रेक चुकवून विमानाने अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर नेणं म्हणजे अर्धी सहल कापणं. तिथे विमानं धुक्यामुळे अडकतातही.

निळी_शाई

आई मागून वाचतेय, अल्बट्रॉसवर येऊन थांबली आहे. म्हणजे दक्षिण ठरली असं समजा. :) दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेटही जोडू का?

डेकवरची_खुर्ची

वेळ आणि पैसे असतील तर डोळे मिटून जोडा. सेंट अँड्र्यूज बेला किंग पेंग्विनांच्या लाखाच्या वर जोड्या आहेत. त्यांचं पिल्लू वाढायला वर्षाहून जास्त लागतं, म्हणून तपकिरी, केसाळ पिल्लं कधीही जा, दिसतातच. ग्रीटव्हिकेनला ध्रुवीय मोहिमा करणाऱ्या शॅकल्टनची कबर आहे. पण समुद्रावरचे दिवस बरेच वाढतात, लँडिंगला लाटा जास्त, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात फर सील अंगावर धावून येतात. गुडघे बघता मी पहिल्या खेपेला नुसतं अंटार्क्टिक द्वीपकल्प करीन.

उत्तरायण

कॅमेऱ्यासाठी थोडं. बर्ड फ्लू २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियात आणि २०२४ मध्ये अंटार्क्टिकावर पोचला, तेव्हापासून किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, पाठपिशवी खाली ठेवणं बंद. पेंग्विनाच्या डोळ्याच्या पातळीवरचा फोटो हवा असेल तर वळणाऱ्या पडद्याचा कॅमेरा न्या, उभ्यानेच कमरेतून वाकून तो खाली धरायचा. पेंग्विनापासून ५ मीटर अंतर ठेवायचं, पण तो स्वतःहून आला तर जागचं हलायचं नाही. त्यांच्या बर्फात रुळलेल्या वाटा असतात, त्या ओलांडायच्या नाहीत. ड्रोन घरीच ठेवा. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. आणि केबिनमध्ये शिरण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला, नाहीतर उबदार हवेत लेन्सवर आतून-बाहेरून दव धरतं.

अवांतर: व्हेलच्या शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो मिळाला तर हॅपीव्हेल या संकेतस्थळावर द्या. शेपटीच्या नक्षीवरून तीच व्हेल पूर्वी कुठे दिसली होती ते कळतं, ती पुढे कुठे दिसली तर तेही कळवतात.

निळी_शाई

ठरलं! २०० च्या आतलं जहाज, फेब्रुवारीचा मध्य, ड्रेक मार्गे. आईला उतरणं जमलं नाही तरी बोटीतून व्हेल दिसतील, हा विचार केला. कायाक एकदाच, तेही माझ्यापुरतं. सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं, दुर्बीण १० पटीची घेऊ की ८ पटीची?

खारा_वारा

८ बाय ४२ (८ पट, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं). हलत्या डेकवर १० पटीत चित्र थरथरतं. आणि दोघींत एक नेऊ नका, दोन न्या. व्हेल वर आली की मायलेकींत भांडणं होतात.