वनवास, तडीपारी की अज्ञातवास?

प्रश्न : आमच्या वाचनगटात शेक्सपिअरचं 'अ‍ॅज यू लाइक इट' मराठीत करून वाचतोय. धाकट्या भावाने गादी बळकावल्यावर थोरला ड्यूक आर्डनच्या रानात राहतो, पुढे त्याची मुलगी रोझलिंड हिलाही काका घालवून देतो. दोघांनाही 'वनवास' लिहिलं तर चालेल ना?

उत्तर : रोझलिंडला नको. काका फ्रेडरिकचा हुकूम बघा : १० दिवसांची मुदत, त्यानंतर दरबारापासून २० मैलांच्या आत दिसलीस तर जीव गेलाच म्हणून समज. जायचं कुठे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ही सरळसरळ तडीपारी झाली. आपल्या १९५१च्या पोलीस अधिनियमात तडीपारीला निदान २ वर्षांची कमाल मर्यादा आहे, या काकांनी तीही ठेवलेली नाही!

रानात ती पुरुषवेशात 'गॅनिमिड' होऊन राहते, तो मात्र अज्ञातवास. गंमत अशी की पांडव अज्ञातवासासाठी रानातून विराटाच्या दरबारात गेले, ही दरबारातून रानात आली. विराटाघरच्या पांडवांच्या जवळ जाणारा खरा 'किंग लिअर'मधला केंट. राजाने हाकलल्यावर वेश पालटून तो त्याच राजाच्या चाकरीला राहतो.

प्रश्न : आणि ड्यूक?

उत्तर : त्याला वनवास शोभतो, पण जपून. 'काय वनवास आला नशिबी' हा आपला सूर त्याच्या तोंडी अजिबात नाही. थंडीचा वारा अंगाला झोंबतो आणि हा म्हणतो, बरं आहे, निदान हा खुशामत तरी करत नाही. अर्थात त्याच्यासोबत रानात आलेल्या सरदारांच्या जमिनी इकडे फ्रेडरिकच्या घशात गेल्यात. शेवटी राज्य परत मिळाल्याची बातमी येताच रानाचं हे सगळं कौतुक गुंडाळून मंडळी परत निघतात. मागे राहतो तो ड्यूकच्या सोबतचा उदास सरदार जेक्स.

आणखी एक : कॉरिनला 'वनवासी' करू नका, एका मसुद्यात तसं पाहिलंय. तो तिथलाच मेंढपाळ. 'धनगर'ही नको, उगाच जात चिकटते. विदूषक टचस्टोन त्याला दरबारी रीत माहीत नाही म्हणून हिणवतो. तेव्हा तो म्हणतो, तुमच्याकडे हाताचं चुंबन घेऊन नमस्कार करतात. आमचे हात मेंढ्यांच्या लोकरीने तेलकट, त्यांच्या जखमांना लावलेल्या डांबराने माखलेले, ते कोण ओठांना लावणार? दरबाऱ्यांच्या हातांना तर अत्तराचा वास, असंही तोच म्हणतो, तर टचस्टोन सांगतो की ते अत्तर निघतं एका मांजराच्या अंगातून! कॉरिनच्या तोंडी बोली ठेवा, पण गावंढळ विनोदी नको. कारण मेंढ्या दुसऱ्याच्या आहेत, लोकर कातरून घेण्याचा हक्क आपला नाही, मालक कंजूस आहे आणि खोपट विकायला काढलंय, हे तोच सांगतो. पुढे ते खोपट, कुरण आणि कळप विकत घेतात त्या दरबारातून आलेल्या पोरीच, रोझलिंड आणि तिची चुलतबहीण सीलिया.