पाच महिन्यांचं पिल्लू मळ्यात राखणीला ठेवायचंय, चावायला आत्तापासून शिकवायचं का?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. मळा गावापासून लांब आहे, केळी आहे, मागे मोटरची केबल कापून नेली मग ठिबकच्या नळ्या गेल्या, म्हणून जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, नर आहे, आता पाच महिन्यांचं झालं. तब्येत एक नंबर. पण कोणीही आलं की शेपूट हलवत पुढे, घड कापायला टोळी आली की त्यांच्या डब्यापाशी जाऊन बसतं. इकडे एक जण शिकवायला येतो, तो म्हणतो आत्ताच काठीने डिवचायचं, पोतं गुंडाळून माणूस अंगावर घालायचा, दिवसा अंधाऱ्या खोलीत कोंडायचं. वडील म्हणतात कच्चं मटण आणि मिरची दे. मला दोन्ही पटेना पण चोरी तर थांबली पाहिजे ना. कोणी असं कुत्रं तयार केलंय का?

पट्टा_आणि_पट्टी
त्या शिकवणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर भाऊ. चार ते सहा-सात महिने दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या ठणकतात, अशात पोतं जोरात ओढलं तर त्याच्या डोक्यात एवढंच बसतं की धरलं की दुखतं, मग मोठा झाल्यावरही नुसत्या पुढच्या दातांनी धरेल न् सोडेल. आणि डिवचून तयार झालेलं कुत्रं शूर नसतं, घाबरलेलं असतं. ते चोर सोडून संन्याशाला फाशी देणार, म्हणजे तुझ्या दूधवाल्याला नाहीतर पाठमोऱ्या पोराला.

जर्मन शेफर्डसाठीच जर्मनीत जी चाचणी निघाली, आधी शुत्झहुंड म्हणायचे आता आयजीपी म्हणतात, तिच्यात आधी बीएच पास व्हावं लागतं, म्हणजे हुकूम पाळणं आणि रस्त्यावर माणसं, सायकली, दुसरी कुत्री यांच्यात शांत राहणं. त्यालाच वय लागतं १५ महिने. चाव्याची पहिली पायरी १८ महिन्यांनंतर. आणि तिथेसुद्धा लपलेला माणूस सापडला आणि तो गप उभा असेल तर कुत्र्याने समोर उभं राहून फक्त भुंकायचं असतं, दात लावला की मार्क कापले. तुला मळ्यात नेमकं हेच पाहिजे.

आत्ता काय करायचं तर जुन्या गोणपाटाची लांब पट्टी दोरीला बांध आणि जमिनीवरून त्याच्यापासून दूर पळव, तोंडाजवळ नेऊन कोंबू नको, शिकार कधी आपण होऊन तोंडात येते का. धरलं की हलकंच ताण दे, लगेच त्याला जिंकू दे, मिरवू दे. दोन-तीन मिनिटं बास, मस्तीत असतानाच बंद. पट्टीवर रक्ताचा डाग दिसला तर दात पक्के होईपर्यंत सुट्टी. दुसरी पट्टी जवळ ठेव, "सोड" म्हण, तोंडातली पट्टी मेल्यासारखी स्थिर धर, त्याने टाकली की दुसरी पळव. "सोड" पक्कं झाल्याशिवाय पुढचं काहीच नाही.

साक्रीकर
माझं मत वेगळं आहे. शेफर्ड आणलाच कशाला, मे महिन्यात जळगावात ४५ पार जातं आणि अंगावर दुहेरी केस. आमच्याकडे ठेलारी लोक मेंढरांबरोबर गावठी कुत्री ठेवतात, त्यांना शिकवायला कोणी माणूस नसतो, मोठ्या कुत्र्यांबरोबर फिरून शिकतात. आणि तुझ्याकडे सातपुड्याच्या बाजूला बिबट्या आहे, रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढलेलं ताट. जाळीचं पक्कं घर कर, नाहीतर केबलही जाईल आणि कुत्रंही.

केळीवाला_रावेर
साक्रीकर दादा, बिबट्याचं खरं आहे, जाळी करतोच. पण पिल्लू आणलंय आता, पोरं परत देऊ देणार नाहीत 😅 भुंकतच नाही त्याचं काय करू?

डॉक्टर_चोपडा
पाच महिन्यांचं पिल्लू लोकांत मिसळतं ही चांगली गोष्ट आहे, राखणीची वृत्ती वयाबरोबर येते, वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या. अंधारात कोंडलेली पिल्लं पुढे प्रत्येक आवाजाला दचकतात. मिरचीने फक्त जुलाब होतात, रागाचा काही संबंध नाही. ट्रॉलीवरून उड्या मारायला लावू नका, सांध्याजवळची हाडं अजून कच्ची आहेत. उन्हाळ्यात सगळा सराव उजाडायच्या आत उरका. रेबीजची लस तीन महिन्यांना झाली असेल, नसेल तर उद्याच, आणि दरवर्षी. लस दिलेलं कुत्रं चावलं तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचा, सालदारालाही सांगून ठेवा.

बंदूक्या
एवढं सगळं करून चावायचंच नाही तर कुत्रं पाळायचं कशाला भो? एकदा लचका तोडला की परत चोर येत नाही.

पट्टा_आणि_पट्टी
@बंदूक्या चोर येत नाही, पोलीस येतात. न्याय संहितेचं २९१ कलम बघ, आपल्या जनावराबाबत हलगर्जी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय केबल कापणारा अंधारात येतो, कुठे कुत्रं आहे कळलं की तो पुढच्या मळ्यात जातो, त्याला लचका लागत नाही, आवाज पुरतो.

@केळीवाला भुंकण्यासाठी भाकरीचा तुकडा हातात दाखव, देऊ नको, वैतागून "भू" केलं की लगेच दे, तिथेच "बोल" हा शब्द लाव. माणसाचं काम वर्षाचा झाल्यावर. तेव्हा अनोळखी माणूस संध्याकाळी बांधावरून चोरपावलांनी येऊ दे, कुत्रं तुझ्या हातात पट्ट्याला, एकदा भुंकलं की त्या माणसाने घाबरून पळ काढायचा. मागे वळायचं नाही, हसायचं नाही. हा माणूस तुझा सालदार कधीच नको, नाहीतर रोज पाणी भरायला येणाऱ्यालाच ते चोर समजेल. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार बदलला तर पहिले आठ-दहा दिवस कुत्र्याला भाकर नव्या गड्याच्याच हातून घालायची, तोवर रात्री सोडायचं नाही.

केळीवाला_रावेर
सालदार आखाजीला बदलणारच आहे. जुना गडी जायच्या आधी नव्याला आणून भेट घालू का, की तो गेल्यावर?

पट्टा_आणि_पट्टी
आधी. दोघं बरोबर असताना, आणि भाकर नव्याच्या हातात.