पिक्चरमधले शाकाहारी एकतर बावळट नाहीतर खडूस, असंच का?

तुळशीमाळ

परवा रूमवर आम्ही चौघांनी बजरंगी भाईजान परत बघितला (कितव्यांदा ते विचारू नका). बाकी तिघं चिकन बिर्याणी हाणत होते आणि माझी आपली डाळखिचडी, त्यामुळे तो चिकनवाला सीन आल्यावर तिघांनी माझ्याकडे बघून जे दात काढलेत ना, काय सांगू. आठवत असेल तुम्हाला, मुन्नी शेजारच्या मुसलमान घरात जाऊन आरामात चिकन खात बसते आणि सलमानला धक्का बसतो. आधी पोरगी गोरी आहे म्हणजे ब्राह्मण असणार असा त्याचा अंदाज, मग चिकन खाताना दिसली म्हटल्यावर क्षत्रिय असेल. मीपण हसलो. पण नंतर झोप लागेना, विचार करत बसलो की हिंदी पिक्चरमध्ये शाकाहारी म्हणजे एकतर पंडितजी, नाहीतर ढोकळा-फाफडावाला गुज्जू, नाहीतर पोरीच्या लग्नात आडवा येणारा मद्रासी बाप. चौथा प्रकारच नाही.

आता आमचं सांगतो. आम्ही मराठा, पंढरपूरकडचं गाव, आजोबांच्या गळ्यात माळ, वडिलांच्याही, आणि माझ्यापण सातवीपासून. गावच्या जत्रेला बोकड पडतं तेव्हा मटण मागं परसात तीन दगडांच्या चुलीवर शिजतं, भांडी वेगळी, चुलते खातात, आजोबा ओसरीवर बसून आमटी भाकरी खातात आणि कोणी कोणाला काही म्हणत नाही. म्हणजे आमचा शाकाहार जातीतून आलेला नाही, माळेतून आलाय. गावात धनगर, माळी, मराठा सगळ्यांत माळकरी आहेत. पण ऑफिसात मी नॉनव्हेज खात नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ब्राह्मण का तू? मग आडनाव कळतं आणि तोंडं बघण्यासारखी होतात. हे लोक कुठून शिकतात? मला वाटतं पिक्चर बघूनच.

तर प्रश्न असा की मराठी हिंदी इंग्लिश कुठलाही असा पिक्चर सांगा ज्यात माणूस शाकाहारी आहे आणि त्यावरून जोक नाही, राडा नाही, जात नाही, नुसता आहे.

खेकडा_मसाला

आधीच सांगतो मी मालवणचा, त्यामुळे माझ्याकडून सहानुभूती कमी मिळेल 😄

पण एक बोलू का, हॉलिवूडवाले तुमची जास्त खेचतात. नॉटिंग हिलमध्ये ह्यू ग्रँटला एका पोरीबरोबर जेवायला बसवतात, ती फक्त झाडावरून आपोआप पडलेलं फळच खाणार, आणि ताटातल्या गाजरांचा खून झालाय असं तिचं मत. एवढा एकच सीन, नंतर ती गायब. स्कॉट पिलग्रिममध्ये तर कहर, तिथला व्हिलन व्हीगन (म्हणजे दूध-अंडंही न खाणारा) असल्यामुळे त्याला सुपरपॉवर आहेत आणि त्याने नियम मोडल्यावर व्हीगन पोलीस येऊन त्या काढून घेतात. मी हे थिएटरात बघितलं असतं तर खुर्चीवरून पडलो असतो. ओक्जामध्येसुद्धा, तो पिक्चर खरं म्हणजे तुमच्याच बाजूचा आहे ना, तरी त्यात प्राणी वाचवणाऱ्या टोळीतला एकजण टोमॅटोपण नको म्हणतो आणि उपाशीपोटी चक्कर येऊन पडायच्या बेतात असतो.

पण सगळ्यात आपला वाटणारा सीन माय बिग फॅट ग्रीक वेडिंगमधला. पोरीचा होणारा नवरा मटण खात नाही हे कळतं, अख्खं घर गप्प, आणि मग ती मावशी म्हणते काही हरकत नाही, मी लँब करते. च्यायला, ही बाई आमच्याच वाडीतली असणार! आमच्याकडे कोणी शाकाहारी पाहुणा आला की आजी काय म्हणायची माहितीय, "अरे पीस नको घेऊस, नुसता रस्सा घे".

दोन_चहा_एक_खारी

@खेकडा_मसाला रस्सा घे 😂😂 माझ्या सासरी अजून चालू आहे हे. मी देशस्थ, नवरा सीकेपी, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासूबाई दर रविवारी विचारतात, निदान कोलंबीच्या खिचडीतला भात तरी?

@तुळशीमाळ तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. इंग्लिश विंग्लिश. श्रीदेवी म्हणजे पुण्याची शशी गोडबोले, न्यूयॉर्कात एकटी कॅफेत जाते, आणि काउंटरवरच्या बाईला कसंबसं सांगते की शाकाहारी पाहिजे. तो सीन मी कितीही वेळा बघितला तरी पोटात गोळा येतो. ती बाई बॅगेल की रॅप की सँडविच, आत काय भरू, असं एकामागून एक विचारत सुटते आणि शशी परत तेच सांगते, व्हेजिटेरियन, मग त्या बाईचा पारा चढतो. पण नीट बघितलंत तर तिथे शशीच्या खाण्यावर कोणी हसत नाहीये. तिला इंग्रजी येत नाही म्हणून तिला कस्पटासमान वागवतात, आणि आपल्याला राग येतो तो त्याचा. ती शाकाहारी आहे एवढंच, पुढे त्याचं काही होत नाही. गौरी शिंदेने ते इतकं सहज टाकलंय. तुम्हाला हवं तसंच आहे की नाही?

(तसं बघायला गेलं तर चाची ४२० मधली मराठी चाचीसुद्धा लक्ष्मी गोडबोले. हिंदीवाल्यांच्या फोनमध्ये सोज्वळ मराठी बाईसाठी एकच आडनाव सेव्ह आहे असं दिसतं.)

कॉम्रेड_भाकरवडी

गोडबोलेच ना पण शेवटी. माळकरी नाहीच ती. म्हणजे मूळ तक्रार आहे तिथेच आहे.

आणि मला हा सगळा धागाच जरा उलटा वाटतोय, राग मानू नका. पडद्यावर शाकाहारी माणसाची टिंगल होते हे खरं, पण पडद्याबाहेर घर कोणाला मिळत नाही ते सांगा. मुंबईत भाड्याची जागा बघायला गेल्यावर एजंट पहिल्यांदा काय विचारतो? मी स्वतः तीन फ्लॅट त्या एका प्रश्नावर सोडलेत, नंतर नंतर तर खोटं बोलायला लागलो, शनिवारी नाही खात वगैरे. आखुनीवर (ईशान्येकडचं आंबवलेलं उग्र वासाचं सोयाबीन) एक पिक्चर आहे, ॲक्सोन नावाचा, दिल्लीत राहणारी ईशान्येकडची पोरं मैत्रिणीच्या लग्नासाठी पोर्क आणि आखुनी शिजवायचा प्रयत्न करतात आणि वासामुळे शेजारी नि मालकीण मागे लागतात. हसत हसत बघाल पण त्यातली भीती खरी आहे. फँड्रीचं तर नावच कैकाडीत डुक्कर, ते पकडणाऱ्या घरातला जब्या गावासमोर कसा मेल्याहून मेल्यासारखा होतो ते सगळ्यांना आठवत असेल. ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरते आपल्याकडे, आणि त्या शिडीत शाकाहारी वरच्या पायरीवर. वरच्या माणसावर जोक मारला तर त्याला टोचतो, खालच्याची रोज मारली जाते त्याचं काय.

अजून एक, मिस्टर अँड मिसेस अय्यर. अपर्णा सेनचा, २००२ चा. त्यात तमिळ ब्राह्मण मीनाक्षीला कळतं की बसमधला आपला सोबती मुसलमान आहे, आणि पहिला विचार काय येतो, अरे देवा मी ह्याच्या बाटलीतलं पाणी प्यायले. आता हा सीन दाखवला म्हणजे शाकाहाऱ्यांची बदनामी झाली का? मला तर वाटतं आमच्या बिल्डिंगमधलंच शूटिंग आहे.

तुळशीमाळ

@कॉम्रेड_भाकरवडी राग नाही, मुद्दा पटला पण अर्धाच. भाड्याच्या घराचं अगदी बरोबर. पण वरची पायरी म्हणताय ना, तीच तर माझी गंमत आहे, मी त्या पायरीवर नाहीच. माझ्या आजोबांना गावातल्या वाड्यात पाणी वरून ओतून मिळायचं. माळ घातली म्हणून काही वर चढवून घेतलं नाही कोणी. तरी पिक्चरच्या हिशोबात मी आणि तो वाडेवाला एकाच खोक्यात, कारण दोघं वरणभात खातो. म्हणूनच विचारलं.

पिंड_दा_पुणेकर

चंदीगडला सात वर्षं काढून आलोय, एक गंमत सांगतो.

पिक्चरमधला पंजाबी म्हटला की बटर चिकन आणि पटियाला पेग, बरोबर? २०१४ चा सरकारचा एसआरएस सर्व्हे बघा. पंजाबात दोन तृतीयांश लोक शाकाहारी निघाले! म्हणजे गुजरातपेक्षा जास्त, गुजरात साधारण ६१ टक्के, त्यामुळे तिकडे दर दहात चारजण खातात. राजस्थान पाऊणएक शाकाहारी. आणि देशाचं म्हणाल तर सत्तर टक्क्यांच्या वर लोक नॉनव्हेज खाणारे, तेलंगणात तर जवळजवळ सगळेच, तरी परदेशी लोकांना वाटतं की भारत म्हणजे सगळे घासफूसवाले. माझा घरमालक सरदारजी, राधास्वामी पंथाचा, घरात अंडंसुद्धा येऊ द्यायचा नाही. असा सरदार तुम्ही कधी पडद्यावर बघितलाय? सरदार आला की तंगडीच हातात.

गुज्जूंचं तर बोलूच नका. थ्री इडियट्समध्ये करीना झिंगून म्हणते ना की तुमच्या पदार्थांची नावं मिसाईलसारखी वाटतात, ढोकळा फाफडा हांडवा, तेव्हापासून माझ्या एका गुजराती कलीगला प्रत्येक पार्टीत तेच ऐकवतात. आणि तो गडी खाटकाकडे रांगेत माझ्यापुढे उभा असतो. करीना स्वतः त्यात सहस्रबुद्धे आहे हे मात्र कोणाच्या लक्षात नाही, तिच्या ताटावर जोक नाही.

लंडनकर_नाना

तरुण मंडळी, तुम्ही इंडियाना जोन्सचा टेंपल ऑफ डूम विसरलात. १९८४. महाराजाच्या राजवाड्यात मेजवानी, आणि पानात काय तर साप, डोळ्यांचं सूप, शेवटी थंडगार माकडाचा मेंदू. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा, कामावरच्या गोऱ्यांनी मला महिनाभर विचारलं होतं की घरी माकड कसं करतात. मी डब्यात मेथीची भाजी न्यायचो हो! आपल्या सरकारने भारतात शूटिंगची परवानगी दिली नव्हती म्हणून श्रीलंकेत जाऊन केलं होतं ते.

त्यात मुख्य खलनायक आपले अमरीश पुरी. तेच पुढे चाची ४२० मध्ये कडक सोवळे शेठ, ज्यांच्या घरात मुसलमान आचारी मुका ब्राह्मण बनून शिरतो. एकाच नटाकडून दोन्ही टोकं करून घेतली.

इथल्या मुलांना आता शाकाहार हा जातीचा विषय वाटतच नाही, माझी नात व्हीगन आहे, घरच्या तुपाला हात लावत नाही, तिच्या आजीला वाटतं पोर आजारी आहे. तिचा आवडता नट कोण तर बेबमधला तो शेतकरी, जेम्स क्रॉमवेल. मांस त्याने आधीच सोडलं होतं, डुकराच्या पिलाच्या त्या पिक्चरमध्ये काम करताना खरंच दूधही सोडलं.

दोन_चहा_एक_खारी

नाना, क्रॉमवेलवरून आठवलं. आपल्या पिक्चरमध्ये कोणी मांस *सोडताना* बघितलंय का? मी तर नेहमी उलटंच बघते. पोरीने चिकन खाल्लं म्हणजे पोरगी बिनधास्त झाली. टू स्टेट्समधली तमिळ ब्राह्मण आलिया घ्या. नाहीतर नयनताराचा अन्नपूर्णी, श्रीरंगमच्या देवळातल्या आचाऱ्याची मुलगी शेफ होते आणि मटण शिजवते, त्यावरून एवढ्या तक्रारी झाल्या की जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवरून उतरवला. मला तो पिक्चर काही फार ग्रेट वाटला नव्हता पण उतरवायचं कारण कळलं नाही. न आवडलं तर बंद करा ना टीव्ही.

खेकडा_मसाला

थांबा थांबा, मला बजरंगीबद्दल बोलायचंय, कारण @तुळशीमाळ तुम्ही अर्धाच सीन सांगितलात.

त्या धक्क्यानंतर तो काय करतो? पोरीला ओरडत बसत नाही. तुला आमच्याकडे हे मिळणार नाही असं म्हणत नाही. उलट तिला घेऊन जातो आणि चिकन खायला घालतो, आख्खं गाणं आहे त्यावर, कुकडूकू! आणि स्वतः हनुमानाचा भक्त तो भक्तच राहतो, बाटत वगैरे नाही. म्हणजे स्वतःचं ताट स्वतःपाशी, तिचं ताट तिच्यापुढे. तुमचे आजोबा ओसरीवर बसून हेच करत होते ना? मला तर उलट वाटलं की शाकाहारी माणूस एवढा भला दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये दाखवलाच नाही. चतुर्वेदी आहे हा भाग सोडून द्या.

तुळशीमाळ

@खेकडा_मसाला आयला, हे डोक्यातच आलं नव्हतं. गाणं लागलं की मी पाणी आणायला उठतो, म्हणून सुटलं असेल 😅 पण जातीचं गणित आहेच त्यात, ते नाही सोडणार मी.

इंग्लिश विंग्लिश रविवारी आईबरोबर बघतो. आईला रस्सा घे वालं पण सांगितलं, ती म्हणाली आत्याच्या सासरी तिला हेच म्हणाले होते, आणि वर "माळ जरा खुंटीला अडकव तेवढा वेळ".

खेकडा_मसाला

खुंटीला 😂😂😂 बरं एक शंका, खरंच विचारतोय, माळ असली की अंडं चालतं का? केकमधलं वगैरे?

तुळशीमाळ

नाही. केकपण विचारूनच खातो. ऑफिसातल्या बर्थडेला मी तो वेफर्सवाला.