तंगेडु म्हणजे तरवड की सोनामुखी?

सुईदोरा: सोलापुरातल्या रोपवाटिकेसाठी तेलुगू माहितीपत्रकाचं मराठी करतेय. 'तंगेडु'ला 'तरवड' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'सोनामुखी' केलं. बरोबर कोण? आणि 'सदाहरित झुडूप' फार जड होतंय का?

माळरान: तरवडच. सोनामुखी वेगळी, तिची पानं जुलाबाला देतात. तरवडाच्या पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखं रुंद उपपर्ण असतं. शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलाटा' त्यावरूनच. सोलापूरच्या पूर्वभागात, तेलुगू वस्तीत, बतुकम्माच्या सणाला फुलांची उतरंड रचतात ती पिवळी फुलं हीच, आणि नवरात्रात घटाच्या माळेतलीही हीच.

जुनाकोश: विदर्भातला वाचक तरोटा समजेल त्याला.

माळरान: तरोटा म्हणजे टाकळा. त्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे देठावरच्या छोट्या पानांच्या, 3 जोड्या, शेंग बारीक नि वाकडी, पावसाळा सरला की झाड वाळतं. तरवडाला साधारण 8 ते 12 जोड्या, शेंग चपटी, कागदासारखी.

कोरडवाहू: चपटी शेंग म्हणजे तरवार, त्यावरून तरवड!

जुनाकोश: ओढूनताणून आहे हे. संस्कृतात 'तरवट' आहे. वटाचा वड झाला, तसा तरवटाचा तरवड.

कोरडवाहू: आणि संस्कृतात तो माळावरच्या लोकांच्या तोंडून गेला नसेल कशावरून? दरवेळी गंगा वरूनच खाली कशी वाहते, साहेब?

रोपमळा: ताई, नावाचं होईल काहीही, पत्रकात लागवड नीट उतरवा. बियांचं कवच कडक असतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. बी चुलीवर शिजवलं तर मेलंच. सकाळी फुगलेलं बी तेवढं पेरायचं; न फुगलेलं सँडपेपरवर घासून पुन्हा भिजवायचं. पिशवीत 2 भाग माती, 1 वाळू, 1 शेणखत. बी सेंटिमीटरभर खोल. पाणी जास्त झालं की रोप बुडाशी सडतं. सोटमूळ पिशवीत गुंडाळायच्या आत, पहिल्या पावसावर लावून टाकायचं. मुरमाड जमीन चालते, पाणी धरणारी काळी नको. कुंपणाला दोन रोपांत मीटरभर अंतर.

सुईदोरा: पत्रकात 'मुळांवरील गाठी नत्र स्थिर करतात' असंही आहे.

रोपमळा: काढा ते. शेंगवर्गीय असला तरी तरवडाला त्या गाठी येत नाहीत. पाला गाडला तर खत होतं, ते पाल्याचं.

जुनाकोश: 'सदाहरित'च ठेवा, नेमका शब्द आहे.

कोरडवाहू: सदाहरित म्हटलं की घाटातलं जंगल डोळ्यांपुढं येतं. 'बारमाही हिरवं' लिहा की.

जुनाकोश: बारमाही पाण्याला म्हणतात.

सुईदोरा: मग तपासणाऱ्यांना काय कळवू?

रोपमळा: छाटणीचा महिना काय दिलाय ते आधी बघा. 'श्रावणात' असेल तर खोडा. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. श्रावणात शेंडे गेले की घटाला फूल नाही. छाटणी पावसाच्या आधी, दीड फूट ठेवून.