विमानाच्या रेडिओतली खरखर: एएम सोडून डिजिटल आवाज आणायचा का?

एअरबँड (धागालेखक)
११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक आणि कंट्रोलर आजही एएमवरच (आवाजाप्रमाणे रेडिओ लहरीची उंची बदलणारी पद्धत) बोलतात. २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग जातो. युरोपात चॅनेल कमी पडले म्हणून ८.३३ किलोहर्ट्झचे केले, तिथे वरची कड २५०० च्या आसपास कापली जाते. 'स', 'फ' ही व्यंजने ओळखू येतात ती बरीचशी त्याच्या वरच्या भागामुळे. म्हणून तर रेडिओवर नाइनला 'नाइनर' आणि फाइव्हला 'फाइफ' म्हणावे लागते. यंत्राची उणीव माणसाच्या जिभेने भरून काढायची, हे किती दिवस चालवायचे? माझे मत स्पष्ट आहे: डिजिटल आवाज आणावा.

कॅरियर
पूर्ण असहमत. एएम टिकले आहे ते आळसामुळे नव्हे. एफएममध्ये (लहरीची फ्रिक्वेन्सी बदलणारी पद्धत) दोघे एकदम बोलले तर रिसीव्हर जोरकस सिग्नल पकडतो आणि दुसरा पुसून टाकतो. कुणी बोलले होते हेही कळत नाही. एएममध्ये दोन कॅरियरच्या, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या लहरींच्या, फ्रिक्वेन्सीतल्या फरकाची शिट्टी वाजते आणि ऐकणाऱ्याला निदान गोंधळ झाल्याचे कळते. डिजिटलमध्ये दोन सिग्नल आदळले की एक तरी गिळला जातो, नाहीतर दोन्ही फुटतात. या कामात चुकीच्या शांततेपेक्षा खरखर परवडली.

एअरबँड
कॅरियर, शिट्टी ऐकून सावध होतात म्हणता, मग टेनेरीफे आठवा. कॅनरी बेटांवरचा विमानतळ, २७ मार्च १९७७, केएलएम आणि पॅन ॲमची जंबो विमाने धावपट्टीवर धडकली. कंट्रोलरचे 'टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो' आणि पॅन ॲमचे 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' ही दोन वाक्ये एकमेकांवर पडली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' एवढे कळले, पुढे जवळपास चार सेकंद शिट्टी. ५८३ माणसे गेली. शिट्टी वाजली होती, पण ती ऐकून कुणी थांबले नाही.

रीडबॅक
टेनेरीफेतून लागू झालेला बदल रेडिओचा नव्हता, शब्दांचा होता. आता 'टेकऑफ' हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात, एरवी 'डिपार्चर'. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरचे मालवाहू विमान टेकडीवर आदळले, तेव्हा तर आवाज पोहोचला होता. 'डिसेंड टू फोर झीरो झीरो' म्हणजे २४०० फूट. 'टू' हा आकडा कॉकपिटने 'पर्यंत' या अर्थाने घेतला आणि ४०० फूट समजून तसेच परत म्हणून दाखवले. ती चूक कंट्रोलरने पकडली नाही. चौघे गेले. तिथे ४८ किलोहर्ट्झचा स्टुडिओ आवाज दिला असता तरी 'टू' चा अर्थ बदलला नसता.
माझ्या मते खर्च करायचा तर इथे: मिनिटाला १०० शब्दांपेक्षा वेग नको, आणि धावपट्टी, उंचीची पातळी, दिशा, वेग, अल्टिमीटर (उंचीमापक), ट्रान्सपाँडर (रडारला ओळख कळवणारे यंत्र) कोड यांचे रीडबॅक, म्हणजे ऐकलेले परत म्हणून दाखवणे, पूर्ण हवे. नुसते 'रॉजर' (ऐकले) म्हणजे रीडबॅक नव्हे.

हँगर
वाद मॉड्युलेशनचा, म्हणजे आवाज लहरीवर चढवण्याच्या पद्धतीचा, चालला आहे, पण 'आवाज पुसट' या तक्रारी बऱ्याचदा मायक्रोफोनपाशीच संपतात. गोंगाट गाळणाऱ्या मायकला पुढून आणि मागून अशी दोन भोके असतात. इंजिनची घरघर दोन्हीकडून सारखीच शिरते आणि वजा होते. तोंडाचा आवाज पुढूनच शिरतो, म्हणून उरतो. मायक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. तो तीन-चार सेंटीमीटर लांब गेला की बोलणेही घरघरीसारखे वजा होते. मग टॉवरला कॅरियर जोरदार मिळतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडतो, आत आवाज मात्र जेमतेम. ओरडून उपयोग नाही, लिमिटर (आवाजाला मर्यादा घालणारे सर्किट) शेंडे छाटतो आणि बोलणे आणखी चिरकते.
दोष शोधायचा क्रम: आधी हेडसेट बदलून पाहा, मग जॅक, मग दुसरा व्हीएचएफ रेडिओ. अँटेनाच्या बुडाशी गंज चढला तर भिजल्यावर खरखर वाढते. बऱ्याच मोठ्या विमानांत एक अँटेना पाठीवर आणि एक पोटाखाली असते. जमिनीवर पोटाखालच्या अँटेनेने बोललात तर आडोशामुळे सिग्नल पडतो. आणि बटण दाबून क्षणभर थांबा. नाहीतर कॉलसाइनचे (विमानाचे रेडिओवरचे नाव) पहिले अक्षर कापले जाते आणि परवानगी भलत्याच विमानाने उचलली जाते.

ओसिलेटर
कॅरियर, तुमच्या शिट्टीच्या भरवशात एक मोठे भोक आहे. २५ किलोहर्ट्झच्या विमानी रेडिओला फ्रिक्वेन्सीत ०.००३ टक्के चूक चालते. १२० मेगाहर्ट्झला ती ३.६ किलोहर्ट्झ होते, शिट्टी ठणठणीत वाजते. ८.३३ च्या रेडिओला मर्यादा ०.०००५ टक्के, म्हणजे फक्त ६०० हर्ट्झ, आणि चांगले संच त्याहूनही नेमके असतात. दोन कॅरियरमधला फरक ३०० हर्ट्झच्या खाली आला की फिल्टर शिट्टीच कापून टाकतो. त्यात जवळचे विमान जोरदार असेल तर एजीसी (रिसीव्हरची संवेदनशीलता आपोआप सांभाळणारे सर्किट) गेन खाली ओढते आणि लांबचा आवाज बुडतो. रेडिओ जितके नेमके झाले तितका हा इशारा मुका होत गेला. म्हणूनच आता एकाच वेळी झालेली दोन प्रक्षेपणे ओळखणारे रिसीव्हर जमिनीवर बसवतात.

कॅरियर
हे मान्य, माझा मुद्दा तेवढा कमकुवत झाला. पण डिजिटलकडे जायचे कसे, ते एअरबँडने अजून सांगितलेले नाही. अमेरिकेने व्हीडीएल मोड ३ ही डिजिटल पद्धत हाती घेतली होती, २५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये चार टाइम स्लॉट, म्हणजे वेळेचे आळीपाळीचे तुकडे. ती बाजूला ठेवली गेली. बदलाच्या काळात अर्धी विमाने एएमवर आणि अर्धी डिजिटलवर राहिली तर एका फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी सगळ्यांचे ऐकण्याची सोय मोडते. पुढचे विमान धावपट्टीवर आहे हे मागच्याला त्याच ऐकण्यातून कळते. ग्लायडरपासून जंबोपर्यंत सगळ्यांचे संच, शिवाय १२१.५ चे आणीबाणीचे रेडिओ, हे सगळे एका रात्रीत कोण बदलणार?

एअरबँड
एका रात्रीत नको. युरोपात फ्लाइट लेव्हल २८५ च्या (साधारण २८,५०० फूट) वर डेटालिंक, म्हणजे लिखित निरोपांची सोय, आहेच. फ्रिक्वेन्सी बदलण्याचे, पातळी देण्याचे निरोप मजकुरातून गेले तर आवाजाची गर्दी कमी होते. पण त्याचे उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून टॉवर आणि अप्रोचवर (विमानतळाकडे येणाऱ्या विमानांचे नियंत्रण) ते चालणार नाही, तिथे आवाजच हवा. तिथला आवाज डिजिटल करण्याची माझी मागणी मी मागे घेत नाही. तोवर ओसिलेटर म्हणतात ते रिसीव्हर प्रत्येक टॉवरला सक्तीचे करा.

ओसिलेटर
सक्तीला पाठिंबा. मात्र तो इशारा फक्त कंट्रोलरच्या पडद्यावर येतो, कॉकपिटमध्ये नाही. आणि कुणाचा आवाज बुडाला, हे तो सांगत नाही. इशारा लागला की कंट्रोलरने आधी 'दोघे एकदम बोलले' असे जाहीर करावे, मग एकेका कॉलसाइनला पुन्हा बोलायला लावावे. त्या मधल्या वेळात धावपट्टीची कुठलीही परवानगी देऊ नये.