मदत हवी आहे: प्लॅन २०० 'एमबी'चा, डाउनलोड ११ वरच अडकतं

नेटग्रस्त
घरात फायबरचं कनेक्शन आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. पण आकड्यांचा ताळमेळ लागत नाही:

केबल लावून लॅपटॉपवर स्पीड टेस्ट: ९४.७
त्याच लॅपटॉपवर मोठी फाइल उतरवताना ब्राउझर दाखवतो: सेकंदाला ११.३ एमबी
हॉलमध्ये मोबाइल, वायफायवर: ४१
बेडरूममध्ये: १५ ते २०

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, "लाइन ओके आहे, मोडेम रिस्टार्ट करा." मोडेम, राउटर, ओएनटी, लॅन, बँडविड्थ यात नेमकं कोण काय करतं? वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेपटीला '५जी' आहे. फोन ४जी असल्याने ते नाव घेतलेलं नाही. शून्यापासून सांगितलंत तरी चालेल.

ताम्रतार
आधी 'एमबी'चा घोळ मिटवू, कारण अर्धं भांडण तिथेच आहे. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. देवनागरीत दोन्ही 'एमबी'च होतात आणि फरक पुसला जातो. म्हणून या धाग्यावर मेगाबिट आणि मेगाबाइट असं पूर्ण लिहू या.

८ बिट म्हणजे १ बाइट. इंटरनेट कंपन्या आणि स्पीड टेस्ट वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. म्हणजे २०० मेगाबिटचा प्लॅन पूर्ण भरून चालला तरी सेकंदाला २५ मेगाबाइटच उतरणार. १ जीबीचा पिक्चर ५ सेकंदांत का येत नाही, याचं उत्तर हे. त्याला चाळीसएक सेकंद लागतात.

बँडविड्थ म्हणजे नळाची जाडी. स्पीड टेस्ट मोजते ते त्या क्षणी त्या नळातून प्रत्यक्ष आलेलं पाणी. दोन्ही शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, चालायचंच.

गाठोडं
वरचं सगळं बरोबर. पण २५ मेगाबाइट यायला हवेत आणि ११.३ येतात, हे कोडं त्याने सुटत नाही. उत्तर ९४.७ या आकड्यातच आहे.

लाइन खराब असेल तर वेग कधी १३०, कधी ६०, असा हलतो. दर वेळी ९४-९५ वर येऊन थांबत असेल तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचं फाटक आहे असं समजा. डेटा पाकिटांमधून जातो. तारेवर एका पाकिटाला एकूण १५३८ बाइटांची जागा लागते, त्यात तुमचा माल १४६० बाइट, बाकी पत्ता, पावती आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा. १४६० भागिले १५३८ म्हणजे जवळपास ९५ टक्के. म्हणून १०० च्या फाटकातून ९५ च्या वर काही निघत नाही.

११.३ सुद्धा याच हिशोबात बसतं. ९४.७ भागिले ८ म्हणजे ११.८. ब्राउझर मेगाबाइट १० लाखांचा न धरता १०२४ गुणिले १०२४ चा धरतो, म्हणून ११.३. (५१२ जीबीची नवी डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, तेही यामुळेच. दुकानदाराने फसवलेलं नसतं.)

फाटक तीन ठिकाणी असू शकतं: लॅपटॉपचं केबल लावायचं भोक, राउटरचं भोक किंवा मधली केबल. केबल लावलेली ठेवून विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं जा. खाली 'लिंक स्पीड' (केबलच्या दोन टोकांच्या यंत्रांनी आपसात ठरवलेला वेग) लिहिलेलं असतं, ते सांगा. १००/१०० असेल तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, दोष घरातच आहे.

कडीपत्ता
डब्यांची नावं मी घेतो.

फायबरमधून उजेड येतो. त्या उजेडाचे विजेचे संकेत करणारा डबा म्हणजे ओएनटी. जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण हेच काम मोडेम करायचा, म्हणून कस्टमर केअरवाले अजून सगळ्यालाच मोडेम म्हणतात. राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन: बाहेर सोसायटीचा पत्ता एकच, आत आलेलं पाकीट कुठल्या फ्लॅटचं हे त्याला माहीत. वायफाय म्हणजे राउटरपासून फोनपर्यंतचा बिनतारी तुकडा, एवढंच. 'वायफाय आहे पण नेट नाही' ही अवस्था त्यामुळेच शक्य आहे. लॅन म्हणजे घरातलं जाळं. तुमच्याकडे ओएनटी, राउटर आणि वायफाय तिन्ही बहुधा एकाच डब्यात आहेत.

डब्यावरचे दिवे: पॉन स्थिर हिरवा म्हणजे फायबर जोडलेलं. एलओएस लाल म्हणजे उजेड पोहोचतच नाही, तेव्हा रिस्टार्ट करून काही होणार नाही, तक्रारच नोंदवायची. तो लाल लागायचं घरातलं नेहमीचं कारण म्हणजे कपाटामागे दाबली गेलेली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर. तिची बांगडीपेक्षा लहान गुंडाळी करू नका, आत काच आहे. आणि टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही.

अर्धाविराम
'५जी'बद्दल. मोबाइलच्या ५जीशी याचा काडीचाही संबंध नाही. मोबाइलमधला जी म्हणजे जनरेशन, पाचवी पिढी. राउटरच्या नावातला म्हणजे गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झची लहर. ४जी फोनही त्यावर चालतो, फक्त फोनचं वायफाय ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही लहरी पकडणारं हवं. फोनच्या यादीत ते नाव दिसतंय म्हणजे तुमचा आहे.

बिनशेपटीचं नाव २.४ गिगाहर्ट्झचं. ही लहर भिंतीतून बरी जाते, पण पट्टी अरुंद असते. २० मेगाहर्ट्झची पट्टी आणि एक अँटेना असेल तर वायफाय ४ या जुन्या पिढीत लिंक जास्तीत जास्त ७२ मेगाबिटची, आणि त्यातलं निम्मं-पाऊण हाती लागतं, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. शिवाय एकमेकांवर न चढणारे चॅनेल (लहरीचे कप्पे) तीनच: १, ६ आणि ११. बिल्डिंगमध्ये वीस राउटर असतील तर सगळे त्या तिघांवरच गर्दी करणार. मायक्रोवेव्हही साधारण याच लहरीवर चालतो. तुमचे ४१ यात चपखल बसतात.

५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झची रुंद पट्टी मिळते, दोन अँटेनांच्या फोनला ८६६ मेगाबिटची लिंक लागते. तोटा एकच, विटांच्या दोन भिंती ओलांडल्या की ती लहर दमते. राउटर टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर आधी बाहेर काढा. छातीच्या उंचीवर, घराच्या मध्याकडे. अँटेनांची दिशा बदलत बसण्यापेक्षा जागा बदलणं केव्हाही फायद्याचं.

नेटग्रस्त
लिंक स्पीड १००/१०० दाखवतोय. डब्यामागे चार भोकं आहेत. लॅन-१ खाली 'जीई', बाकी तिघांखाली 'एफई'. केबल लॅन-३ मध्ये होती, लॅन-१ मध्ये घातली तरी १००/१००. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात गिगाबिट लिहिलंय.

गाठोडं
एफई म्हणजे फास्ट इथरनेट, १०० मेगाबिट. नावात 'फास्ट' आहे कारण ते नव्वदीच्या दशकात ठेवलेलं आहे. जीई म्हणजे गिगाबिट, १००० मेगाबिट. स्वस्त डब्यांमध्ये एकच भोक गिगाबिट देतात. लॅन-१ मध्येच ठेवा.

उरली केबल. टोकाची पारदर्शक पिन उजेडात धरा, आत किती तारा दिसतात ते मोजा. १०० मेगाबिटला ४ तारा पुरतात, खाचा १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. त्यातली एक जरी तुटली किंवा नीट दाबली गेली नाही तरी दोन्ही यंत्रं सहसा गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, कुठेही चूक दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

नेटग्रस्त
मोजल्या. एका टोकाला आठ, दुसऱ्या टोकाला चारच! निळी जोडी आणि तपकिरी जोडी पिनच्या बाहेरच कापलेली आहे.

ताम्रतार
सापडला चोर. बसवणाऱ्याने घाईत चारच तारा घातल्या.

तयार केबल आणायची तर तिच्यावर कॅट-५ई किंवा कॅट-६ छापलेलं बघा. २०० मेगाबिटसाठी कॅट-५ई भरपूर झाली, १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. कॅट-७, कॅट-८ च्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका. भिंतीतून गेलेली आहे म्हणून तीच ठेवायची असेल तर फक्त चार तारांची पिन कापून नवी पिन (आरजे-४५) बसवा.

बाहेरचं आवरण अडीच-तीन सेंटीमीटर सोला, तारा ओढून सरळ करा. पिनची कडी खाली, तारा घालायचं तोंड तुमच्याकडे आणि सोनेरी पट्ट्या पलीकडच्या टोकाला धरून डावीकडून क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मध्ये निळीला कवेत घेते, चुका तिथेच होतात. मग सगळ्यांची टोकं एका रेषेत कापून उघड्या तारा साधारण सव्वा सेंटीमीटर ठेवा. पिनच्या पुढच्या काचेला आठही टोकं टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरणही पिनच्या आत चिमटलं गेलं पाहिजे. मगच क्रिम्पिंग टूल (पिन दाबून बसवायची पक्कड) दाबा. दाबलेली पिन परत उघडत नाही, चुकली तर नवी घ्यायची. आणि हो, दुसऱ्या टोकाचा रंगक्रम आधी बघून घ्या, दोन्हीकडे तोच हवा.

नेटग्रस्त
पिन बदलून घेतली. लिंक १०००/१०००. स्पीड टेस्ट १९६, फाइल सेकंदाला २३.४ मेगाबाइटने उतरते. ५जी नावावर फोन: हॉलमध्ये १८८, बेडरूममध्ये ६५. सगळ्यांचे आभार.

एक शंका राहिली. वेग एवढा वाढूनही काही वेबसाइटी उघडताना सुरुवातीला तीन-चार सेकंद पान कोरंच राहतं. मग झटकन येतं. असं का?

कडीपत्ता
कारण तो वेगाचा नाही, उशिराचा प्रश्न आहे. त्याला लेटन्सी किंवा पिंग म्हणतात, मोजमाप मिलिसेकंदात. टँकर कितीही मोठा असला तरी धरणापासून गावापर्यंत यायला लागणारा वेळ तेवढाच. फायबरच्या काचेत उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद निसर्गालाच हवेत. केबल सरळ जात नाहीत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरून वळसे घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या आसपास किंवा जास्त लागतात. आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात. स्पीड टेस्ट मात्र बहुधा तुमच्याच शहरातला सर्व्हर निवडते, म्हणून तिथे पिंग ३ किंवा ५ दिसतो.

अर्धाविराम
पण चार सेकंद कोरं पान म्हणजे फक्त अंतर नाही. डीएनएस तपासा.

यंत्रांना वेबसाइटचं नाव कळत नाही, आयपी पत्ता हा आकडाच लागतो. डीएनएस म्हणजे नावावरून आकडा सांगणारी डिरेक्टरी. २०१४ पासून नावाच्या शेवटी देवनागरीत '.भारत' लावता येतं, तेही आतून असंच शोधलं जातं. ही डिरेक्टरी सहसा तुमच्या इंटरनेट कंपनीचीच असते. ती सुस्त असेल तर पान आधी अडतं आणि मग झटकन येतं, अगदी तुम्ही लिहिलंय तसं.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोर एडिट. ऑटोमॅटिकऐवजी मॅन्युअल, मग आयपीव्ही४ चालू करा. पहिल्या रकान्यात १.१.१.१ आणि पर्यायी रकान्यात ८.८.८.८. आकडे इंग्रजी कीबोर्डवरच टाका, मराठी कीबोर्ड चालू राहिला तर विंडोज ते घेत नाही. सेव्ह करून ब्राउझर बंद-चालू करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका, ऑफिसच्या आतली पानं ऑफिसच्याच डिरेक्टरीत असतात. फरक नाही पडला तर परत ऑटोमॅटिक करा.

नेटग्रस्त
केलं. दोन साइटी लगेच उघडायला लागल्या, तिसरी अजून तशीच.

गाठोडं
तिसरी मोबाइलच्या डेटावर उघडून बघा, वायफाय बंद करून. तिथेही तेवढाच वेळ लागला तर त्यांचाच सर्व्हर दमलेला आहे, तुमच्याकडून करण्यासारखं काही नाही.

जाता जाता एक काम. राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका, गूगलच्या शोधपेटीत नाही. गूगल हे इंटरनेटवरचं एक पान आहे, आणि हा पत्ता तुमच्या घराबाहेर अस्तित्वातच नाही, त्यामुळे तिथे भलतंच काहीतरी सापडतं. आत गेल्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर बदला. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. नवा पासवर्ड कागदावर लिहून स्टिकरशेजारीच डकवू नका म्हणजे झालं.