राजगीर: एवढ्याशा गावात इतक्या धर्मांची तीर्थं कशी?

सदाफुली: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन बोधगया-नालंदा करतेय, सोबत राजगीरही. काय काय बघायचं याची यादी काढली आणि चक्रावले. बुद्ध, महावीर, जरासंध, मखदूम कुंड, वर गुरू नानकांचं शीतल कुंड. हे सगळं एकाच गावात कसं? 'सर्वधर्मसमभाव' हे उत्तर कृपया नको.

पायवाट: नाही देत. माझ्या मते कारणं दोनच, राजधानी आणि पाणी.

वैभार, विपुल, रत्नगिरी, उदयगिरी, सोनगिरी या पाच डोंगरांच्या आत जुनं राजगृह, मगधाची राजधानी. डोंगरमाथ्यांवरून फिरणारी सुमारे 40 किमीची तटबंदी चुना न वापरता नुसते धोंडे रचून केलेली आहे. तिचा एखादा तुकडा हात लावून बघाच. गावात राजा, सावकार, व्यापारी. म्हणजे भिक्षा मिळण्याची खात्री. मगधाचा राजा बिंबिसार यानं बुद्धांना वेळुवन, म्हणजे बांबूचं बन, दिलं. जैन परंपरेनुसार महावीरांचे 14 चातुर्मास राजगृह-नालंदा परिसरात झाले. पहिली बौद्ध संगीती, म्हणजे भिक्षूंची धर्मसभा, बिंबिसाराचा मुलगा अजातशत्रू याच्या आश्रयानं इथेच भरल्याचं बौद्ध ग्रंथ सांगतात.

पुढे अजातशत्रूचा मुलगा उदायी यानं राजधानी पाटलिपुत्राला नेली. दिमाख गेला, पण इथले गरम झरे कुठे जाणार? चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग 7व्या शतकात आला तेव्हाही लोक लांबून आंघोळीला येत होते. विपुलच्या पायथ्याचं मखदूम कुंड हेच हिंदूंचं शृंगी ऋषी कुंड. 14व्या शतकातले सूफी मखदूम शर्फुद्दीन यांनी तिथल्या गुहेत साधना केली असं मानतात. त्यांची कबर मात्र बिहार शरीफला आहे. शीतल कुंड नावाप्रमाणे गार आहे, आणि ते नानकांमुळे गार झालं ही शिखांची श्रद्धा.

कोकणकडा: मलमास मेळ्याचं राहिलं की! आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारसे, तिकडे महिनाभर 33 कोटी देव राजगीरला मुक्कामी, अशी समजूत. त्या महिन्यात तिथे कावळा दिसत नाही म्हणतात. 2023च्या अधिक श्रावणातही मेळा भरला होता. सदाफुली, डिसेंबरात ती गर्दी नाही, सुटलात.

सदाफुली: बाबांना सोनभंडार गुहांचं भलतंच कुतूहल. आत खरंच खजिना आहे?

पायवाट: गाइड जरासंधाचा किंवा बिंबिसाराचा खजिना म्हणून रंगवून सांगेल, तोफेच्या गोळ्याचा डागही दाखवेल. ऐका, करमणूक आहे. पण दाराशेजारच्या भिंतीवरचा लेख चुकवू नका: मुनी वैरदेवांनी तपस्व्यांसाठी या गुहा करवल्या, असं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे गुहा जैनांच्या, आणि तिथेच गरुडारूढ विष्णूची मूर्तीही सापडली.

आई-बाबांचे गुडघे धड असतील तर वैभार चढा. पायथ्याला ब्रह्मकुंड, थोडं वर धोंड्यांचा मोठा चौथरा. लोक त्याला जरासंधाची बैठक म्हणतात, बौद्ध परंपरेतलं बुद्धांचे शिष्य महाकाश्यप यांचं पिप्पल निवासस्थानही तेच असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आणखी वर जैन मंदिरं, पलीकडच्या उतारावर सप्तपर्णी गुहा, पहिली संगीती तिथे भरली असं मानतात. सकाळी लवकर निघा, कुंडातली आंघोळ उतरल्यावर करा. आधी केलीत तर पाय जड होतात.